ओर्लासाठी अ‍ॅम्प्लिफायर

एब्बेला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आहे ही बातमी एल्मेवाय गल्लीत कशी फुटली हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण त्या गल्लीत कुणी कुणाबद्दल काही बोलत नाही. सगळे एकमेकांना फक्त हवेबद्दल विचारतात, आणि तेवढ्यात सगळं कळतं.

गल्ली हॉर्सेन्स शहराच्या कडेला आहे. पिवळ्या विटांची एकसारखी घरं, इकडे एक रांग, तिकडे एक रांग, आणि प्रत्येकाच्या कुंपणाला छातीएवढी झुडपं. छातीएवढी म्हणजे कुणाच्या छातीएवढी, हा प्रश्न घरमालकांच्या वार्षिक सभेत एकदा चांगलाच गाजला होता. शेवटी अध्यक्षांच्या छातीएवढी असं एकमतानं ठरलं. अध्यक्ष ओर्ला. ओर्ला बुटका आहे. समोरच्या इंगर-लिसेबाईंनी नवऱ्याच्या हातची म्हणून जपलेली झुडपं त्या ठरावात अर्धी कापली गेली. तेव्हापासून त्या ओर्लाला भेटल्या की फार गोड हसतात.

ओर्लाच्या डाव्या हाताला एब्बेचं घर. एब्बे नगरपालिकेत सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढतो, आणि संध्याकाळी ड्रम वाजवतो. वाजवतो म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं. अठरा वर्षांपूर्वी त्याच्याकडे खराखुरा ड्रमसेट होता, लाल रंगाचा, पितळी झांजांचा. कामावरून आला की बूट काढायच्या आधी तो त्याच्यापुढे बसायचा. मग एका वसंतातल्या सभेत ओर्ला उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आपल्या गल्लीतल्या एका घरातून एका वाद्याचा आवाज येतो, असं एका सभासदाचं म्हणणं आहे."

सगळ्यांनी आपापल्या कॉफीत पाहिलं. त्या गल्लीत ड्रमचं घर एकच होतं, आणि अध्यक्ष जेव्हा 'एक सभासद' म्हणतो तेव्हा तो स्वतःबद्दलच बोलत असतो, हेही सगळ्यांना कळलं. एब्बेनं वाद घातला नाही. वाद घालायचा म्हणजे आपण कुणीतरी मोठे आहोत असं दाखवायचं, आणि इथे चोरी केलेली खपेल, पण स्वतःला कुणीतरी समजलेलं खपत नाही. त्यानं लाल ड्रम विकून टाकला आणि इलेक्ट्रॉनिक घेतला. रबराची पॅडं, वायरींचं जंजाळ, एक लहानशी पेटी, आणि हेडफोन.

तेव्हापासून एब्बेच्या कानात रोज संध्याकाळी दणदणाट चालू असतो आणि बाहेर ऐकू येतं ते फक्त टक टक, टक टक. कुणीतरी भिंतीआड कांदा चिरतंय असं वाटावं. बायकोला तेवढंच ऐकू येतं, पाहुण्यांना तेवढंच. गल्लीच्या बँडमध्येसुद्धा तो आहे, पण तिथेही बाकीचे त्याच्या हातांकडे बघून ताल धरतात. थोडक्यात, एवढ्या वर्षांत एब्बेचा ड्रम एब्बेशिवाय कुणी ऐकलेला नाही. तो चांगला वाजवतो की वाईट हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

ओर्लाशी मात्र त्यानं संबंध बिघडू दिले नाहीत. कुंपणापाशी गाठ पडली की तो म्हणायचा, "वारा आहे आज." ओर्ला म्हणायचा, "हो, वारा आहे." एवढं बोलून दोघं आत जायचे. ख्रिसमसला एब्बेची बायको मेरेटे ओर्लाकडे घरच्या बिस्किटांचा डबा नेऊन द्यायची, स्वतः, न चुकता, आणि बराच मोठा डबा. एब्बे ते मुकाट्यानं बघायचा. बायकोचा स्वभाव मऊ आहे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आणि अशातच ओर्ला आणि गिट्टेच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव आला.

आता इथली रीत अशी, की लग्नाला पंचवीस वर्षं झाली की शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी त्या जोडप्याच्या दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधायची, वर रुपेरी आकडा लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांनी दारात उभं राहून गाण्या-बजावण्यानं त्यांना उठवायचं. सगळ्यात जवळच्या शेजाऱ्यानं पुढाकार घ्यायचा. भांडण असलं तरी सुटका नाही. उलट भांडण असलं तर जास्तच घ्यायचा, कारण भांडण आहे हे दिसता कामा नये.

"या वेळी ड्रम पाहिजे," वाग्न म्हणाला. वाग्न अ‍ॅकॉर्डियन वाजवतो आणि त्याच्या गॅरेजमध्ये बँडची तालीम चालते. "नुसता माझा भाता आणि बायकांचं गाणं, म्हणजे मयताला आल्यासारखं वाटतं रे."

"माझ्या ड्रमला आवाज कुठंय?"

"मग आवाज घे की!"

एब्बे खाली बघत हसला. पण त्या रात्री त्याला झोप आली नाही. ज्या माणसानं त्याचा ड्रम बंद पाडला, त्याच माणसाच्या दारात, भल्या पहाटे, सगळ्या गल्लीच्या साक्षीनं ड्रम वाजवायचा, आणि वर त्यानं बाहेर येऊन आभार मानायचे! अठरा वर्षांचं उट्टं काढायची अशी संधी, आणि तीही रीतिरिवाजाच्या नावाखाली, देवानंसुद्धा सहसा कुणाला दिली नसेल.

प्रश्न एवढाच होता की अ‍ॅम्प्लिफायर कोणता.

वाग्ननं आधी आपल्या मुलाचा जुना गिटारचा अ‍ॅम्प आणून दिला. गॅरेजचं दार लावून त्यांनी तो जोडला. एब्बेनं झांजेच्या पॅडवर हलकेच काठी टेकवली, तर चमच्यांचा खण जमिनीवर पडल्यासारखा आवाज झाला. पायाचा ड्रम वाजवला, तर कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्याला लाथ मारल्यासारखा.

"तुझं वाजवणंच असं आहे का?" वाग्ननं काळजीनं विचारलं.

"नाही रे. अ‍ॅम्प गिटारचा आहे."

"बरं बरं," वाग्न म्हणाला, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. एब्बेला ते फार लागलं.

म्हणून शनिवारी तो आरहुसला वाद्यांच्या दुकानात गेला. तिथला विक्रेता केल्ड, पिकलेल्या केसांची शेंडी बांधलेला, काळा टी-शर्ट घातलेला, आपण गायक होता होता राहिलो असा भाव चेहऱ्यावर कायमचा असलेला.

"किती माणसांपुढं वाजवायचंय?" केल्डनं विचारलं.

"दोघांपुढं."

"खोलीत?"

"नाही, बाहेर. म्हणजे मी बाहेर. ती दोघं आत असतील. झोपलेली."

केल्डनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "रौप्यमहोत्सव?"

"हो."

"जवळचे कुणी?"

"शेजारी."

"मग मोठाच लागेल," केल्ड म्हणाला. असली गिऱ्हाइकं त्यानं पाहिलेली असावीत.

मग त्यानं समजावून सांगितलं. गिटारचा अ‍ॅम्प ड्रमच्या झांजा खाऊन टाकतो. बासचा अ‍ॅम्प दणका देईल, पण वरचे आवाज घोंगडीखाली कोंबेल. ड्रमला दोन्ही टोकं लागतात, पोटातला धक्का आणि झांजेची धार. शिवाय काठीचा फटका अचानक येतो, तेव्हा अ‍ॅम्पच्या अंगात ताकद शिल्लक हवी, नाहीतर तो ऐन वेळी फाटतो. "आणि बाहेर भिंती नसतात, लक्षात ठेव. खोलीत गरजतो तो उघड्यावर कुजबुजतो."

त्यानं तीन डबे मांडले. एक लहान, पलंगाखाली मावेल असा. एक मधला. आणि एक कमरेएवढा काळा धूड, चाकांवरचा, त्याच्या पाठीमागे आवाजाचं गोल बटण.

"वाजवून बघ."

एब्बेनं आजूबाजूला पाहिलं. दुकानात दोन-चार माणसं होती. चारचौघांत वाजवायचं, म्हणजे यांना वाटणार हा स्वतःला वादक समजतो! त्यानं पॅडला काठी अशी लावली की माशीसुद्धा उडाली नसती.

"मार की! त्याला काय दुखतंय?" केल्ड ओरडला.

मोठ्या काळ्या डब्यावर एब्बेनं पायाचा ड्रम वाजवला. धक्का जमिनीतून त्याच्या पोटरीत शिरला आणि छातीत येऊन बसला. हेडफोनमध्ये कान भरतात, पण छाती रिकामी राहते, हे तो इतकी वर्षं विसरूनच गेला होता. त्याचे डोळे भरून आले. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "विचार करून सांगतो."

खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. या देशात तीन वस्तूंपैकी मधली घ्यायची असते. लहान घेतली तर कंजूष, मोठी घेतली तर शिष्ट. एब्बेनं जन्मभर मधली गाडी, मधला टीव्ही आणि मधला कुत्रा बाळगला होता. अ‍ॅम्प्लिफायरही मधलाच घ्यायचा, असं ठरवून तो घरी आला.

पण गल्लीचा विचार वेगळा होता.

रविवारी इंगर-लिसेबाई कुंपणापाशी आल्या. "हवा छान आहे," त्या म्हणाल्या. मग जरा वाकून, "मोठा घे हं, एब्बे. बिचाऱ्या ओर्लाला आनंद होईल. आणि वीज माझ्या स्वयंपाकघरातून घे. खिडकीतून वायर टाकू."

वाग्न आला. त्याची घराबाहेर उभी असायची ती सुट्टीत मुक्कामाला न्यायची फिरती गाडी ओर्लानं नियम दाखवून हलवायला लावली होती. "मधला काय कामाचा? माणसाच्या आयुष्यात असा दिवस एकदा येतो. ओर्लाच्या, म्हणतोय मी."

कोपऱ्यावरच्या घरातून निरोप आला की अ‍ॅम्पच्या खर्चाला आमचाही हातभार. त्यांच्या पाळीव कोंबड्या ओर्लाच्या एका नियमामुळे गेल्या होत्या. ओर्लावर गल्लीचं एवढं प्रेम आहे याची एब्बेला कल्पनाच नव्हती. सगळे त्याच्याबद्दल फार जिव्हाळ्यानं बोलत होते, आणि प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट वॉटवर होत होता.

या सगळ्यात मेरेटेला कुणी काही विचारलं नव्हतं, एब्बेनंही नाही. अ‍ॅम्प्लिफायर ही तांत्रिक बाब होती. ती जेवणाच्या टेबलाशी बसून कमानीसाठी पांढऱ्या कागदाची फुलं करत होती. इतरांनी दहा-बारा केली होती. मेरेटेची टोपली भरून सांडायला आली होती.

"लहान पुरेल की," ती मान वर न करता म्हणाली.

"उघड्यावर लहान ऐकू येत नाही. भिंती नसतात."

"ओर्ला वाईट माणूस नाही रे."

"मी कुठं म्हटलं वाईट आहे? त्याचा आनंदाचा दिवस आहे. मी त्याच्यासाठी ड्रम वाजवतोय."

मेरेटेनं हातातलं फूल जरा जास्तच घट्ट पिळलं, आणि ते फाटलं. तिनं दुसरा कागद घेतला.

एब्बेनं कमरेएवढा काळा डबा घेतला.

घरी आणल्यावर त्यानं तो खोलीत ठेवला, रोज कपड्यानं पुसला, त्याच्यापुढे बसून रोज सराव केला, आणि हेडफोन काही काढला नाही. वाजवून बघावं तर ओर्लाला आधीच कळणार आणि गंमत जाणार. त्यामुळे अख्ख्या गल्लीनं मिळून निवडलेला तो अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या दिवसापर्यंत मुका राहिला. बाहेर नेहमीसारखंच ऐकू येत होतं, टक टक, टक टक.

तो दिवस मे महिन्यातला, लख्ख उजाडलेला. आदल्या संध्याकाळी कमान लागली होती. ओर्ला आणि गिट्टे पडदे ओढून आत बसली होती, आणि दारावर ठोकाठोकी चालली असताना आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत होती. पहाटे सगळी गल्ली रांगेनं दारात जमली, हातात गाण्यांचे कागद, पिशव्यांत गरम पाव, दोन-तीन बाटल्या कडू दारूच्या. वाग्नच्या बायकोनं आनंदाच्या दिवशी चढवतात तसा झेंडा वर चढवला. इंगर-लिसेबाईंच्या खिडकीतून वायर रस्ता ओलांडून आली. एब्बे ड्रममागे बसला. अ‍ॅम्प त्याच्या शेजारी, तोंड ओर्लाच्या दाराकडे, पाठ लोकांकडे.

आवाजाचं बटण एब्बेनं अर्ध्यावर ठेवलं होतं. अर्धं म्हणजे मधलं. मोठा डबा घेतला म्हणून काय झालं, माणसानं आपली पायरी सोडायची नसते.

मग वाग्न पाठीमागून गेला. जाता जाता त्यानं वाकून बूट बांधल्यासारखं केलं आणि बटण एक बोटभर पुढं सरकवलं. इंगर-लिसेबाई वायर नीट आहे का बघायला आल्या. वायर नीट होती. त्यांनी बटण आणखी थोडं फिरवलं आणि साळसूदपणे आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यावरचे कोंबडीवाले नवरा-बायको एकामागून एक आले. कुणाचं कुणाला माहीत नव्हतं, प्रत्येकाला वाटत होतं आपलं आपण एवढंसं केलंय. शेवटी एब्बेनं स्वतः, मनाशी म्हणत की चला, भिंती नाहीत, हात मागे घातला आणि न बघता बटण चाचपून थोडंसं पुढं ढकललं. ते फारसं सरकलं नाही. तिथून पुढं जागाच नव्हती.

वाग्ननं मान हलवली. एब्बेनं काठ्या उचलल्या.

पहिल्या ठोक्याला छपरावरचे सगळे कावळे उठले. दुसऱ्या ठोक्याला कमानीवरच्या रुपेरी पंचवीसमधला दोन निखळून पायरीवर पडला आणि ओर्लाच्या लग्नाला पाच वर्षं झाली. खिडक्यांची तावदानं थरथरली, लांब कुठेतरी एका मोटारीचा भोंगा आपोआप वाजायला लागला. वाग्नचं अ‍ॅकॉर्डियन वाजत होतं, त्याच्या भात्याच्या हालचालीवरून तेवढं कळत होतं. बायका गात होत्या, निदान तोंडं तरी उघडत होत्या.

एब्बेला क्षणभर वाटलं थांबावं. पण हात थांबेनात. तो अठरा वर्षं कोंडलेला दणका होता, आणि तो चांगला होता. स्वच्छ होता, तालात होता. झांजा झांजांसारख्या वाजत होत्या, पायाचा ड्रम छातीवर बसत होता, आणि आजूबाजूला माणसं उभी होती, खरी माणसं, आणि ती ऐकत होती. वाग्नच्या बायकोचा पाय हलत होता. इंगर-लिसेबाई तर, ज्या कधी डोक्यावरची टोपी वाकडी होऊ देत नाहीत, त्या दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या. एब्बे इतका खूश झाला होता की आपण कुणाचं उट्टं काढायला आलो होतो हेच तो विसरला.

दार उघडलं. गिट्टे झोपेतून उठून बाहेर आली होती, ओठांना लाली आणि कालच सेट केलेले केस घेऊन. तिच्या मागून ओर्ला, नव्या इस्त्रीच्या झोपायच्या कपड्यांत. सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. याचसाठी तर गल्ली पहाटे उठली होती.

ओर्ला रडत होता. हसत होता आणि रडत होता. त्यानं ड्रमकडे बोट केलं, दोन्ही मुठी हवेत नाचवल्या, आणि पायरीवर पडलेला 'दोन' छातीशी धरून गाण्याच्या शेवटपर्यंत तालावर डोलत उभा राहिला. गल्ली जरा हिरमुसली.

रीतीप्रमाणे मग सगळे आत गेले. पाव, लोणी, चीज, कॉफी आणि एवढ्या सकाळी कडू दारूचा एकेक पेला. एब्बेचे कान अजून गात होते. दुसऱ्या पेल्यानंतर त्याला कंठ फुटला.

"काय ओर्ला, फार मोठं नाही ना झालं?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुझे कान नाजूक, म्हणून विचारतो."

"माझे कान?" ओर्ला म्हणाला.

"हो ना. एका घरातून एका वाद्याचा आवाज येतो."

असं उघडउघड त्या गल्लीत आजवर कुणी बोललं नव्हतं.

"एब्बे," ओर्ला सावकाश म्हणाला, "मला तुझा ड्रम आवडायचा रे. तू वाजवायला लागलास की मी मुद्दाम खिडकी उघडायचो."

"मग तक्रार?"

"तक्रार आली होती. अध्यक्षाला ती वाचावी लागते. कुणी केली ते सांगायचं नसतं, नियम आहे." ओर्लानं पावाला लोणी लावायला सुरुवात केली, आधीच लावलेल्या लोण्यावर. "तू बोलायचा बंद झालास माझ्याशी. मला वाटलं, होईल दोन-चार महिन्यांत ठीक. मग वारा आहे, वारा आहे करत एवढी वर्षं गेली."

एब्बेनं वाग्नकडे पाहिलं. वाग्ननं मान जोरात हलवली. इंगर-लिसेबाई म्हणाल्या, "मी नाही हं! मी तर तेव्हा बहिरेपणाचं सोंग करत होते." मग सगळेच एकमेकांकडे बघायला लागले, आणि ओर्ला मात्र आपल्या पावाकडे बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी केली होती," मेरेटे म्हणाली.

ती कॉफीची किटली घेऊन दारात उभी होती. मग कोंबडीवाल्या बाई म्हणाल्या की पाव फार छान झालेत, आणि सगळ्यांनी घाईघाईनं हो म्हटलं, पाव खरंच छान झालेत.

एब्बे उठला, बाहेर गेला आणि वायरी गुंडाळायला लागला.

दुपार व्हायच्या आत त्यानं एकेक करून सगळं घरी नेलं. शेवटी काळा डबा ढकलत आणला. मेरेटे पायरीवर बसली होती. त्यानं डबा तिच्या अंगावरून आत न्यायच्या ऐवजी तिथेच थांबवला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तेव्हा मला वृद्धाश्रमात रात्रपाळी असायची. कामावर जायच्या आधी, संध्याकाळी झोपायचे मी. तू यायचास आणि सुरू. एकदा तुला म्हटलं, 'जरा मोठं होत नाही का रे?' तू म्हणालास, 'नाही, ड्रम असाच असतो.'"

"तू विचारत होतीस असं वाटलं मला!"

"मी ओरडत होते, एब्बे. याहून मोठ्यानं मला ओरडता येत नाही." तिनं पदराला हात पुसावेत तसे स्कर्टला पुसले. "तू इतका खूश असायचास त्या ड्रमवर. तोंडावर कसं सांगू? म्हणून ओर्लाला म्हटलं, सगळ्यांना उद्देशून बोल. मला वाटलं तू पडदे लावशील, वेळ बदलशील. तू विकूनच टाकलास. मग तर सांगायची सोयच राहिली नाही. बिस्किटं देत राहिले त्याला."

एब्बेला आधी राग आला. मग त्याला तो माणूस आठवला, जो एवढी वर्षं कुंपणापाशी "हो, वारा आहे" म्हणत होता आणि मोठा डबा भरून बिस्किटं खात होता, एक शब्द न बोलता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. अ‍ॅम्प्लिफायर कुठला घ्यावा हे त्यानं दुकानदाराला विचारलं, वाग्नला विचारलं, समोरच्या बाईंना विचारलं, कोंबडीवाल्यांचंसुद्धा ऐकलं. एकाच घरात राहणाऱ्या बाईला तेवढं विचारलं नाही.

"कसं वाजवलं मी?" त्यानं विचारलं. हे विचारायचं धाडस त्याला आजवर झालं नव्हतं.

"चांगलं. पण दुसऱ्या कडव्यात घाई करतोस."

"आज जरा गडबड..."

"आज नाही, नेहमीच. पहिलं कडवं झालं की पळत सुटतोस. आणि दमलेला असलास की डावा हात मागं राहतो. मंगळवारी जास्त."

"तुला काय माहीत? मी तर हेडफोन..."

"टक टक ऐकू येतं की मला," मेरेटे म्हणाली. "अठरा वर्षं भिंतीपलीकडे भाजी चिरत ऐकतेय. दुसरं काय ऐकणार?"

एब्बे पायरीवर तिच्या शेजारी बसला. दोघांच्या मध्ये तो काळा डबा आणि पलीकडे शेजारी ओर्लाच्या दारावरची कमान होती. कमानीवर कुणीतरी 'दोन' परत चिकटवला होता, जरा वाकडा.

मग तो उठला आणि ड्रम खोलीत मांडण्याऐवजी बाहेरच्या बैठकीत मांडला, तिच्या खुर्चीसमोर. हेडफोनची वायर काढली आणि खणात टाकली. डब्याची वायर लावली. काठ्या हातात घेऊन बसला, आणि बसून राहिला.

"किती ठेवू?" त्यानं विचारलं.

मेरेटे उठून डब्याच्या मागे गेली. बटण अजून सकाळचंच होतं, पार टोकाला. तिनं ते सगळं मागं आणलं, मग थोडं पुढं केलं, थांबली, खिडकीकडे गेली, खिडकी उघडली, आणि परत येऊन आणखी थोडं पुढं केलं.

"एवढं," ती म्हणाली. "ओर्लालाही ऐकू जाईल. आणि दुसऱ्या कडव्यात सावकाश."